सूत्राआधी कारण

वर्गसमीकरणाचे सूत्र तोंडपाठ असलेल्या दहावीच्या विद्यार्थ्याला 'हे आले कोठून?' असे विचारावे. बहुधा उत्तर येते, 'पुस्तकात दिले आहे.' माझा विषय इतिहास. तरीही हे उत्तर मला अस्वस्थ करते. सांगितले म्हणून मानायचे, ही सवय गणिताच्या तासालाच लागली, तर ती पुढे सुटणार कशी?

वस्तुतः या सूत्रामागील कारण डोळ्यांना दिसते. नवव्या शतकात बगदादमध्ये अल्-ख्वारिझ्मी याने क्ष² + १०क्ष = ३९ हे समीकरण आकृतीने सोडवले. क्ष बाजूचा चौरस काढावा. १०क्ष चे ५ रुंदीचे दोन आयत करून चौरसाच्या लगतच्या दोन बाजूंना जोडावेत. कोपऱ्यात ५ बाजूच्या चौरसाची जागा रिकामी राहते. तेथे २५ भरले की मोठा चौरस पूर्ण होतो. त्याचे क्षेत्रफळ ३९ + २५ = ६४, बाजू ८; म्हणून क्ष = ३. अंकांऐवजी अक्षरे घेऊन हीच कृती केली की सूत्र हाती येते.

आकृतीतील बाजू ऋण नसते, म्हणून −१३ हे दुसरे मूळ तेथे दिसत नाही. मात्र ऋण संख्यांचे नियम ब्रह्मगुप्ताने इ.स. ६२८ मध्येच मांडले होते. धन संख्येला धन व ऋण अशी दोन वर्गमुळे असतात, हे बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी नोंदवले. ज्ञान असे अनेक देशांत, अनेक हातांनी घडते. ते कोणा एकाची मिरास नव्हे.

क्ष² + १०क्ष − ३९ हे फल म्हणून पाहिले, तर क्ष च्या प्रत्येक किमतीला एकच उत्तर मिळते आणि त्याचा आलेख अन्वस्त होतो. तो क्ष-अक्षाला ३ आणि −१३ येथे छेदतो व बरोबर मध्ये, −५ येथे, तळ गाठतो. (क्ष + ५)² − ६४ असे लिहिले की तळाची किंमत −६४ हे न आखताही कळते. कारण वर्ग शून्याहून लहान होत नाही.

परीक्षेत वेळ थोडा असतो, सूत्राने गुण मिळतात, हा आक्षेप खरा आहे. सूत्र पाठ असावेच. परंतु ऐन परीक्षेत ते विसरले, तर कारण जाणणारा विद्यार्थी ते पुन्हा उभे करतो. घोकणारा कोरी उत्तरपत्रिका देतो आणि 'गणित आपले नव्हे' असे मानून विज्ञान-अभियांत्रिकीची वाट स्वतःच बंद करतो. वसतिगृहातील पहिल्या पिढीच्या मुलांना हे परवडणारे नाही.

म्हणून माजी विद्यार्थ्यांना विनंती, की शाळेत याल तेव्हा मुलांना उत्तर विचारू नका. 'तेथे २५ का मिळवले?' असे विचारा. पालकांनो, आपण बीजगणित शिकला नसाल, तरी 'हे कशावरून?' हा प्रश्न आपल्यालाही विचारता येतो. मुलाला समजावून सांगावे लागले, की त्याचे त्यालाही समजू लागते.