आधी टाकी बघा, मग फ्रिज

फ्रिजमधलं बर्फाचं यंत्र बंद पडलं की आपण पहिला संशय यंत्रावर घेतो. माझं मत उलट आहे. यवतमाळात तरी पहिला संशय पाण्यावर घ्यावा, दुसरा उन्हावर आणि यंत्रावर सगळ्यात शेवटी.

हा विषय निघाला काकांकडच्या नव्या फ्रिजमुळे. (दादा, तू हे वाचणारच आहेस, रागावू नको.) भला मोठा, दोन दारांचा, मागून पाण्याची नळी जोडली की आत आपोआप बर्फ पडणार असा. हौस म्हणून घेतलेला नाही तो. काकांचं डायलिसिस चालू आहे. दिवसाला किती पाणी प्यायचं ते डॉक्टरांनी मोजून दिलंय, आणि मे महिन्यात आपल्याकडे घसा कसा सुकतो ते इथल्या माणसाला सांगायला नको. घोटभर पाणी क्षणात संपतं, बर्फाचा तुकडा तोंडात धरला की जरा वेळ भागतं. अर्थात तोही पाण्याच्याच हिशेबात धरायचा, म्हणून सारख्या आकाराचे तुकडे बरे पडतात. सुरुवातीला छान बर्फ पडला. मग तुकडे बारके, पोकळ यायला लागले. मग बंदच.

माणूस आला, त्याने झाकण उघडलं, "मॉड्यूल गेलंय" म्हणाला, बदललं, पैसे घेतले. आठ दिवसांनी पुन्हा तेच. आता तो कार्ड बदलायचं म्हणत होता.

आता या यंत्राचं काम बघा, फार अवघड नाही. मागचा व्हॉल्व्ह काही सेकंद उघडतो, साच्यात पाणी पडतं. साचा पुरेसा थंड झाला की यंत्र बर्फ ढकलून खालच्या डब्यात टाकतं आणि पुन्हा पाणी मागतं. डबा भरला की एक दांडी वर उचलली जाते आणि काम थांबतं. (ती दांडी पुसताना चुकून वरच राहिली तरी बर्फ बंद! हे आधी बघायला फुकट आहे.)

गोम त्या काही सेकंदांत आहे. व्हॉल्व्ह पाणी मोजत नाही, वेळ मोजतो. जोर कमी असेल तर तेवढ्या वेळात साचा अर्धाच भरतो, म्हणून ते पोकळ तुकडे. शिवाय हा व्हॉल्व्ह घट्ट मिटायलाही पाण्याचाच जोर लागतो. जोर नसला की थेंब थेंब गळतं, ते पाणी आतल्या नळीत गोठतं आणि रस्ताच बंद. मग मॉड्यूल बदला नाहीतर अख्खा फ्रिज.

अशा बऱ्याच फ्रिजना निदान 20 पीएसआय दाब लागतो. पाण्याच्या उंचीत सांगायचं तर सुमारे 14 मीटर, म्हणजे साडेचार मजले! आणि आपल्या टाक्या कुठे असतात? एका मजल्याच्या घराच्या स्लॅबवर. फ्रिजपासून फार तर चार मीटर वर. जिथे नळाला चोवीस तास जोरात पाणी येतं अशा घरांसाठी हे यंत्र बनलंय. आपलं गाव तसं नाही. 2018 च्या उन्हाळ्यात निळोणा आणि चापडोह आटले तेव्हा शहराने टँकरवर दिवस काढले. टाकीशिवाय घर आपल्याला माहीतच नाही.

बरं, आरओला जोडावं तर भिंतीवरच्या आरओमधून पाणी स्वतःच्या वजनानेच उतरतं, तिथे जोर आणखी कमी. आणि आरओ नको म्हणावं तर बोअरचं पाणी जड, व्हॉल्व्हच्या जाळीवर पांढरा थर चढवणारं. केळापूर, झरी जामणीकडे तर पाण्यात फ्लोराइड, तिथे आरओ ही चैन नाही.

उन्हाचंही थोडं. फ्रिजच्या आतल्या पाटीवर हवामानाचा वर्ग लिहिलेला असतो. 'टी' म्हणजे 43 अंशांपर्यंत, 'एसटी' म्हणजे 38 पर्यंत. आपला मे महिना या दोन्हींना जुमानत नाही. त्यात फ्रिज भिंतीला चिकटवलेला, मागे धूळ. मग फ्रीजर उणे 18 पर्यंत जातच नाही आणि यंत्र नुसतं वाट बघत बसतं. फ्रिज वीतभर पुढे ओढला तरी फरक पडतो.

माझा राग आहे तो विकणाऱ्यांवर. फ्रिजचा रंग, हप्ते, जुन्याचा भाव, सगळं विचारतात. "टाकी किती उंच आहे हो?" हा एक प्रश्न कुणी विचारत नाही. दुरुस्तीला येणाराही पार्ट आधी बदलतो. खरं तर फ्रिजचा प्लग काढून, पाणी बंद करून मागची नळी सोडवायची, बादलीत धरायची आणि पाणी सुरू करायचं. बारीक धार आली तर दोष कुठे आहे ते तिथेच कळतं. हातानं भरायच्या टाकीचे फ्रिजही मिळतात, दांडा पिळून बर्फ पाडायचेही मिळतात. आपल्या गावाला तेच बरे, असं मी दादाला सांगितलं, पण आता फ्रिज घरात आलाय.

शेवटी टाकीनंतरच्या पाइपवर छोटा प्रेशर पंप बसवला. (नळाच्या लाइनला टिल्लू लावून शेजाऱ्यांचं पाणी ओढणं वेगळं, ते नको.) गोठलेली नळी सुरी न खुपसता, फ्रिज बंद करून अर्धा दिवस उघडा ठेवून मोकळी केली. पहिला डबाभर बर्फ फेकून दिला. आता पडतोय. वहिनी मात्र फ्रीजरमध्ये दोन ट्रे भरून ठेवतेच, कारण लाइट गेली की पंपही जातो आणि काकांना दुपारी दोन वाजता बर्फ हवाच असतो.