प्रश्नावली शहाडला नेण्याआधी

कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये जेवणाऱ्या मुलांना ‘येथील पार्किंगची जागा आकर्षक आहे का?’ असे विचारणारे सर्वेक्षण छापायला आले, की ते विधान कुठले हे लगेच ओळखू येते. स्टीव्हन्स, नटसन आणि पॅटन यांनी १९९५ साली अमेरिकेतल्या रेस्टॉरंटांसाठी ‘डाइनसर्व्ह’ ही २९ विधानांची मोजपट्टी मांडली. तिथले लोक मोटारीने जेवायला जात, म्हणून पार्किंग त्यात आले. शहाडला लोकल पकडून कॉलेज गाठणाऱ्या मुलीला विचारायचे ते वेगळेच. मधल्या सुट्टीत रांगेतून प्लेट वेळेत हाती येते का? उपवासाला काही मिळते का? घरचा डबा तिथे बसून खाऊ देतात का? महिनाअखेरीस खिशाला झेपते का?

त्याहून मोठी चूक फॉर्म कुठे वाटले यात असते. काउंटरपाशी वाटले, तर कॅन्टीनला कंटाळून बाहेर वडापाव खाणारी मुले मोजणीतून आपोआप गळतात आणि समाधानाचा आकडा फुगतो. वर्गात जाऊन, न जेवणाऱ्यांनाही विचारल्याशिवाय तो आकडा आम्हाला मान्य नाही.

घरगुती उपकरणांच्या पाहणीतही हेच घडते. शहाड स्टेशनच्या एका अंगाला उल्हासनगर, दुसऱ्या अंगाला कल्याण-डोंबिवली महापालिकेची हद्द. मराठी, सिंधी, हिंदी बोलणारी घरे शेजारी-शेजारी, आणि आपला फॉर्म इंग्रजीत! एखाद्या घरात सेमी-ऑटोमॅटिक वॉशिंग मशीन दिसले, की ‘किमतीला प्राधान्य’ या रकान्यात खूण होते. पण नळाला ठरावीक वेळीच पाणी येत असेल आणि त्याला पुरेसा दाब नसेल, तर बादलीने भरता येणारे मशीनच कामाचे. त्या बाईने घेतलेला निर्णय पाण्याचा आहे. पाण्याची वेळ विचारलीच नाही, तर तो किमतीच्या नावावर जमा होतो. शिवाय उत्तर ‘कुटुंबप्रमुखा’कडून घ्यायचे आणि मशीन चालवणारीला विचारायचेच नाही, ही सवय आता तरी सोडू या.

तारांकित लेबलाचेही तसेच. ऊर्जा दक्षता ब्युरोची ही योजना २००६ ची. फ्रॉस्ट-फ्री फ्रिजला लेबल २०१० पासून सक्तीचे झाले, छताच्या पंख्याला २०२३ पासून. ताऱ्यांचे निकष मधूनमधून कडक होतात, त्यामुळे जुना पाच तारे असलेला फ्रिज नव्या निकषांवर खाली घसरू शकतो. लेबलवरचे वर्ष न नोंदवता नुसते तारे मोजलेत, तर दोन घरांची तुलना करता येणार नाही.

पुढील अंकापासून सर्वेक्षणावरच्या प्रत्येक लेखासोबत मूळ प्रश्नावली, ती कोणत्या भाषेत विचारली, कुठे आणि कोणत्या वेळी भरून घेतली, किती जणांनी उत्तर द्यायला नकार दिला, एवढे पाठवावे. ते नसेल तर लेख परत येईल. ज्या मार्गदर्शकांकडे यंदा प्रकल्प चालू आहेत, त्यांनी फॉर्म छापण्याआधी विद्यार्थ्यांसोबत एक दुपार कॅन्टीनमध्ये आणि पाणी येण्याच्या वेळी एखाद्या चाळीत काढावी.