पिंजरा कुणासाठी?

बुलबुलाची पिल्लं कावळ्यानं उचलली की घरातली पोरं रडतात, आणि कुणीतरी हमखास म्हणतं, ‘पिंजरा लावा!’ ब्रिटनमध्ये गाणारे पक्षी वाचवण्यासाठी कावळे नि त्यांचे भाईबंद खरोखरच पिंजऱ्यात धरतात. पण तिथल्याच 2010 च्या अभ्यासात बहुतेक गाणाऱ्या पक्ष्यांच्या घटीशी त्यांचा संबंध आढळला नाही.

बँकेत हयात घालवल्यामुळे मी जमेची बाजूही पाहतो. धडगावात आमचूर वाळत असतो त्या दिवसांत आंब्यातून साद घालणारा कोकीळ कावळ्याच्याच घरट्यात वाढतो. कावळा गेला, तर हे गाणंही गेलं! 1972 च्या वन्यजीव कायद्यानं कावळ्याला उपद्रवी ठरवलं होतं. 2022 च्या दुरुस्तीनं ती यादीच रद्द झाली. आपण मात्र पितृपक्षात त्याची वाट पाहतो आणि एरवी त्याला चोर म्हणतो.

खरकटं उघड्यावर टाकून त्याला अंगणात बोलावलं आपणच. मेंदीचं दाट कुंपण तोडून भिंत बांधली, तीही आपणच. मग बुलबुलानं घरटं लपवावं कुठं? पिंजऱ्याचे पैसे वाचवा आणि यंदाच्या पावसाळ्यात कुंपणाला करवंदाची जाळी लावा.