रक्त परतते तेव्हा

हृदयाची बंद पडलेली रक्तवाहिनी वेळेवर उघडली की रोगी वाचतो, हे आता सर्वश्रुत आहे. परंतु परतणारे रक्तच काही पेशींचा घात करते, हे फारसे कोणी सांगत नाही. उपाशी पेशींत प्राणवायू अकस्मात शिरला की विध्वंसक रेणू निर्माण होतात, कॅल्शियम साचते आणि वाचू शकणारी पेशीही मरते. रोपण केलेल्या मूत्रपिंडाच्या व पक्षाघात झालेल्या मेंदूच्या वाट्यालाही हेच येते. या हानीवर आधुनिक वैद्यकापाशी खात्रीचे औषध नाही. सायक्लोस्पोरिनविषयीची मोठी आशा २०१५ च्या चाचणीत मावळली.

अशा वेळी चीनमधील वनौषधींकडे लक्ष जाणे स्वाभाविक होय. दानशेन या वनस्पतीच्या तांबड्या मुळांतील द्रव्यांनी उंदरांच्या हृदयाला संरक्षण मिळते, असे सांगणाऱ्या निबंधांचा तेथे नुसता पूर आला आहे. उंदीर पुष्कळ वाचले. माणसांचे काय, हा प्रश्न मात्र बराच काळ अनुत्तरित राहिला.

म्हणूनच २०२३ साली प्रसिद्ध झालेली थुंगशिनलुओची चाचणी महत्त्वाची ठरते. जिनसेंग आणि इतर वनस्पतींबरोबर जळू, विंचू व गोम यांचाही समावेश असलेले हे मिश्रण ऐकून नाक मुरडणारे पुष्कळ निघतील. परंतु चीनमधील १२४ रुग्णालयांतील ३,७७७ हृदयरोग्यांना नेहमीच्या उपचारांसोबत हे औषध किंवा तशीच दिसणारी निरौषधी गोळी देण्यात आली, आणि कोणास काय मिळाले हे रोग्यास वा वैद्यास ठाऊक नव्हते. तीस दिवसांत मृत्यू, पुन्हा झटका, पक्षाघात यांसारखे गंभीर प्रसंग औषध घेणाऱ्यांपैकी ३.४ टक्क्यांवर, तर इतरांपैकी ५.२ टक्क्यांवर ओढवले. परंपरेचा गौरव करणाऱ्या शंभर भाषणांहून हे दोन आकडे अधिक मोलाचे आहेत.

तथापि मिश्रणातील नेमके कोणते द्रव्य गुणकारी, याचे उत्तर या चाचणीत नाही. परदेशांतील रोग्यांवर, स्वतंत्र संशोधकांकडून तिची पुनरावृत्ती व्हावयास हवी, आणि तशी मागणी चिनी वैद्यकाच्या अभिमान्यांनीच प्रथम करावी. 'वनस्पती म्हणजे निरुपद्रवी' हा समज तर घातकच आहे. १९९० नंतरच्या आरंभीच्या वर्षांत बेल्जियममध्ये वजन उतरविण्यासाठी दिलेल्या चिनी औषधांत एका वनस्पतीऐवजी भलतीच मिसळली गेली आणि अनेक स्त्रियांची मूत्रपिंडे कायमची निकामी झाली. दानशेनदेखील वॉरफरिनसोबत घेतल्यास रक्तस्राव वाढवू शकते. आणि वॉरफरिन तर हृदयरोग्यांनाच दिले जाते.