रविवार कुणाचा, लेणं कुणाचं?

दोस्तांनो,

मागल्या रविवारी रातपाळी संपली आणि मी तसाच नाशिकच्या पांडवलेण्यावर गेलो. केसांत कापसाची भुकटी, डोळ्यांत झोप. संगट रिंग खात्यातले दोघं. डोंगर चढताना पुढंमागं सगळी मुंबई-पुण्याची गर्दी. शनिवारी सकाळी गाडी काढायची, दुपारी द्राक्षबागेत वाइन, रविवारी लेणी, मग मिसळ, की रात्री घर. याला वीकेंड म्हणतात. दोन दिवसांत दोन हजार वर्षं उरकायची.

उरकू देत. माणसानं हिंडावं. त्यांच्या हौसेशी माझं भांडण नाही. भांडण कशाशी आहे ते सांगतो.

दहा नंबरच्या लेण्याच्या ओसरीत एक गृहस्थ आपल्या पोराला सांगत होते, "पांडव वनवासात इथं राहिले. भीमानं हे एका रात्रीत कोरलं." माझा दोस्त खुदकन हसला. म्हणाला, "भीम बरोबर आहे, पण हा नव्हं."

मी म्हणालो, "साहेब, हे बौद्ध भिक्खूंचं लेणं. ह्या भिंतीवर लिहिलंय बघा कुणी दिलं ते."

त्यांनी मला चपलेपासून वरपर्यंत बघितलं.

"तुम्ही गाईड का?"

"नाही. सूतगिरणीत आहे."

"नाव काय?"

मी नाव सांगितलं.

"पुढं?"

हा 'पुढं' आपल्याला जन्मापासून ओळखीचा आहे. मी आडनाव सांगितलं. गृहस्थ मोकळं हसले. "असं होय! म्हणजे हे तुमचंच की!" आणि बायकोला म्हणाले, "चल, फोटो काढ."

शिवी दिली असती तर मी उत्तर दिलं असतं. पण त्यांनी तर लेणंच देऊन टाकलं! पाच मिनिटांपूर्वी ते पांडवांचं होतं, म्हणजे त्यांचं होतं. पांडवांचं नाही असं कळल्याबरोबर ते 'तुमचं' झालं. म्हणजे आता त्यांना त्याची जबाबदारी नाही, अभिमान नाही, लाजही नाही. आधी नाव चोरायचं, आणि चोरी उघडी पडली की माल जातीच्या खात्यावर टाकून मोकळं व्हायचं. ही दुसरी चोरी पहिलीपेक्षा सभ्य आहे. म्हणून जास्त वाईट.

आता त्या भिंतीवर काय आहे ते ऐका. ब्राह्मी मी गिरणीच्या बसमध्ये शिकलो, रोज चार अक्षरं. अजून अडखळतो, पण अर्थ छापील पुस्तकाशी ताडून घेतलाय.

साल ४२, महिना वैशाख. क्षत्रप नहपान राजाचा जावई उषवदात हे लेणं संघाला देतो. नुसतं लेणं देऊन थांबत नाही, ३००० कार्षापणं कायमची ठेव म्हणून ठेवतो. कुठं ठेवतो? सावकाराकडं नाही, देवळात नाही. गोवर्धन गावच्या विणकरांच्या संघांकडं! एका संघाकडं २०००, महिना शेकडा एक व्याजानं. दुसऱ्याकडं १०००, महिना शेकडा पाऊण. मुद्दल परत मागायचं नाही, फक्त व्याज खायचं. २००० चं वर्षाचं व्याज २४०. लेण्यात वर्षावास करणारे भिक्खू २०. दरेकाला चिवरासाठी १२ कार्षापणं. २० गुणिले १२, बरोबर २४०. हिशेब पैशापर्यंत जुळतो. वर हेही लिहिलंय, की हे सगळं निगमसभेत वाचून दाखवलं आणि फळ्यावर नोंदलं.

मी हे वाचलं आणि मटकन त्या दगडी ओट्यावर बसलो.

एकोणीसशे वर्षांपूर्वी राजाचा जावई विणकरांवर भरोसा ठेवत होता. त्यांचा करार दगडावर आहे. आणि मला, सूत काढणाऱ्याला, ठेकेदार पगाराची साधी चिठ्ठी देत नाही. फंड कापतो, पण भरला की नाही हे कुठल्याच फळ्यावर लिहीत नाही. दोन हजार वर्षांत आपण पुढं आलो म्हणतात. कोण आलं? कुठं आलं?

ते विणकर आपल्या जातीचे होते असा दावा मी करत नाही. तसा दावा करणं म्हणजे त्या गृहस्थाचीच री ओढणं. उषवदातही काही आपला कार्यकर्ता नव्हता. ब्राह्मणांना गावं आणि गाई दान केल्याचंही त्यानं ह्याच लेण्यात लिहून ठेवलंय. माझं म्हणणं एवढंच, की हाताच्या कामाला तेव्हा पत होती. ती पत कुणी मारली? ह्याच महाराष्ट्रात, विसाव्या शतकात, मुंबईच्या गिरण्यांमध्ये अस्पृश्यांना विणखात्यात घेत नव्हते. का? धोट्यातला धागा तोंडानं ओढून घ्यावा लागे, आणि सवर्ण कामगाराला आपल्या थुंकीचा विटाळ होई! लाल बावटा खांद्यावर घेऊनही होई. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हाच प्रश्न पुढाऱ्यांच्या तोंडावर मारला होता. त्या ओसरीत उभं राहून ज्याला हा सगळा धागा दिसत नाही, त्यानं लेणं बघितलं नाही. त्यानं दगड बघितला.

आता ह्या वीकेंडाचं बघू. हा रविवार आला कुठून? आभाळातून? नारायण मेघाजी लोखंडे हे जोतीरावांचे सत्यशोधक. त्यांनी १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली, सह्या गोळा केल्या, सभा घेतल्या. १० जून १८९० ला गिरणी कामगाराला रविवारची सुट्टी मिळाली. ज्या सुट्टीत तुम्ही गाडी काढता ना साहेब, ती आमच्या बापजाद्यांनी साच्यांवर उभं राहून मिळवली. आणि त्याच गिरणीच्या जातीतला मी. मला महिन्यातून दोन रविवार मिळतात, बाकीच्यांना खाडा पडतो. रविवार आम्ही कमावला, लेणं आमच्यासारख्यांच्या व्याजावर चाललं, आणि डोंगराच्या पायथ्याला भुट्टे भाजायलाही आम्हीच!

पण दोस्तांनो, दुसऱ्याला झोडपणं सोपं आहे. आता आपल्याकडं वळतो.

मागल्या वर्षी आपल्या शाखेची सहल ह्याच डोंगरावर आली होती. मी होतो. बसला निळा झेंडा, आत डीजे, अंगात एकसारखे टी-शर्ट. एका दिवसात काळाराम, पांडवलेणी आणि येवला. काळारामाच्या दारात आपण फोटो काढले. २ मार्च १९३० ला ह्याच दारासमोर सत्याग्रह सुरू झाला, वर्षानुवर्षं चालला, दादासाहेब गायकवाडांसारखी माणसं झिजली, तरी दार उघडलं नाही. आणि त्याच जिल्ह्यात येवल्याला १३ ऑक्टोबर १९३५ ला बाबासाहेब म्हणाले, हिंदू म्हणून मरणार नाही. दारापासून येवल्यापर्यंतचा हा रस्ता बसमध्ये कुणी कुणाला सांगितला? नाही सांगितला. डीजे चालू होता. लेण्यात शिलालेखापुढं कितीजण थांबले? कुणी नाही. मीही नाही. त्या गृहस्थात आणि आपल्यात फरक काय? फक्त झेंड्याचा?

आपल्या सहलीलाही इतिहास आहे. १९३४ साली चळवळीतले तीसेक जण बाबासाहेबांबरोबर वेरूळची लेणी बघायला निघाले होते. जमले नाशिकलाच. वाटेत दौलताबादचा किल्ला. प्रवासाची धूळ बसलेली, म्हणून दारापाशीच्या तळ्यावर तोंडं धुतली, तर मुसलमान धावून आले, तळं बाटवलं म्हणून. शेवटी किल्ला बघू दिला, पण पाण्याला हात लावायचा नाही, आणि तो लागतो का बघायला संगट हत्यारबंद शिपाई! बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा'त हे लिहून ठेवलंय. जातीचा विटाळ धर्माची वेस ओलांडून पलीकडं जातो, हे त्यांनी एका सहलीत दाखवून दिलं. त्यांची सहलसुद्धा पुरावा झाली. आपली सहल रील झाली.

म्हणून सांगतो. पुढच्या वेळी एका दिवसात एकच जागा. बसमध्ये डीजे नाही. जायच्या आधी चार जणांनी वाचून यायचं, तिथं उभं राहून सांगायचं. ब्राह्मीची अक्षरं शिकायची, महिन्याभराचं काम आहे. संगट आपल्या आया-बहिणींना न्यायचं, कारण त्यांना तर अर्धा रविवारही कुणी दिलेला नाही. आणि ओसरीत कुणी पोराला पांडवांची गोष्ट सांगत असला, तर भांडायचं नाही. त्या पोराला भिंतीपाशी न्यायचं आणि हिशेब मांडून दाखवायचा, २० गुणिले १२. पोराला पाढे येतात. बापाला अजून 'पुढं?' विचारायचंय.

त्या दिवशी उतरताना मागून हाक आली. तोच पोरगा. "काका, तिथं खरंच विणकरांचं लिहिलंय?"

मी म्हणालो, "हो. आणि मी पण सूतच काढतो."

त्याच्या बापानं त्याला ओढून नेलं. पण त्यानं विचारलं होतं. रात्री कामावर गेलो तेव्हा साच्यावर धागा तुटला. मी तो जोडला. आपलं काम हेच आहे, दोस्तांनो.

जय भीम.