डोळ्यांची थरथर आणि ‘उपयोग काय?’ हा प्रश्न

नजर एका बिंदूवर कितीही रोखून धरली, तरी डोळा स्थिर राहत नाही. तो अविरत थरथरतो, किंचित वाहवत जातो आणि सेकंदाला साधारण एक-दोनदा इवलीशी उडी घेतो. ही उडी बहुधा एका अंशाहूनही लहान असते. पाहणाऱ्याला तिची जाणीवही होत नाही.

हा डोळ्याच्या रचनेतला दोष आहे, असे वाटणे स्वाभाविक होते. परंतु १९५२ मध्ये डिचबर्न आणि गिन्सबोर्ग यांनी प्रतिमा डोळ्याबरोबरच हलेल, म्हणजे दृष्टिपटलावर एकाच जागी खिळून राहील, अशी व्यवस्था केली, तेव्हा समोरचे दृश्य काही क्षणांतच विरू लागले. दृष्टिपटलातील चेतापेशी मुख्यतः बदलाला प्रतिसाद देतात. बदल थांबला की प्रतिसादही मंदावतो. दृष्टिपटलावर पडणारी रक्तवाहिन्यांची सावली एरवी कोणाला दिसत नाही, ती याच कारणाने.

तरीही १९८० मध्ये एका शोधनिबंधाने थेट शीर्षकातच या सूक्ष्म उड्यांना निरुपयोगी ठरवले. सुदैवाने शोध तिथे थांबला नाही. २००० मध्ये मार्टिनेझ-कोंडे, मॅक्निक आणि ह्युबेल यांनी अशा उडीपाठोपाठ माकडाच्या मेंदूतील दृष्टिकेंद्रात चेतापेशींचे संदेश उसळतात, हे दाखवले. डोळ्याच्या या हालचालींचा परिणाम पुसून टाकला, तर बारीक तपशील ओळखणे कठीण जाते, हे २००७ मधील प्रयोगांतून पुढे आले. पार्किन्सनसारख्या विकारांच्या अभ्यासातही आता या हालचाली मोजल्या जातात.

भारतासाठी हा इतिहास महत्त्वाचा आहे. १९७६ मध्ये अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियांनी असंख्य लोकांना दृष्टी परत मिळाली. हे कार्य मोठेच आहे. मात्र डोळ्यातले भिंग स्वच्छ केल्याने मेंदू कसा पाहतो, हे उलगडत नाही. त्या प्रश्नाची ओढ या देशाला नवी नाही: नोबेलविजेते भौतिकशास्त्रज्ञ चंद्रशेखर वेंकट रामन उतारवयात दृष्टीच्या अभ्यासाकडे वळले आणि १९६८ मध्ये त्यांनी त्यावर ग्रंथही प्रसिद्ध केला.

संशोधनाच्या अर्जात पहिल्याच पानावर ‘उपयोग काय?’ असे विचारले, तर डोळ्याच्या थरथरीचा अभ्यास करू पाहणाऱ्याजवळ प्रामाणिक उत्तर नसते. ते उत्तर मिळायला कधी अर्धशतक लागते. म्हणून सार्वजनिक निधीचा काही वाटा तरी हा प्रश्न न विचारता द्यायला हवा.