मागून नेलेला बैल

देशापेक्षा क्लब मोठा झाला का? 2025च्या ऑगस्टमध्ये मोहन बागान क्लबनं भारतीय फुटबॉल संघाच्या शिबिराला आपले सात खेळाडू पाठवायला नकार दिला, तेव्हा हा सवाल आमच्या भवानीनगरच्या पोरांच्या मोबाईलपर्यंत येऊन पोहोचला. एरवी छत्रपती कारखान्याचं गाळप, उसाचा दर आणि क्रिकेट यांच्यापुढं इथं फुटबॉलला कोण विचारतो? पण देशाचा विषय निघाला की प्रत्येकाला मत असतं आणि बहुतेकांचं एकच असतं: क्लबवाले पैशाला हपापलेले. मला ते पटत नाही.

वारंगुळ्यानं, म्हणजे एकमेकांचे बैल देऊन-घेऊन, ज्यांनी शेती केली आहे त्यांना हे भांडण समजावून सांगावं लागणार नाही. शेजाऱ्याचा बैल पेरणीला मागून आणला आणि लंगडत परत केला, तर पेंड कोण घालणार, डॉक्टर कोण आणणार आणि त्या शेजाऱ्याची स्वतःची पेरणी कशानं होणार? बैल द्यायला सहसा कुणी नाही म्हणत नाही. भलत्या वेळी, दाव्याला हात घालून नेला की मग बांधावर आवाज चढतो.

फुटबॉलमध्ये या देण्याघेण्याचा नियम कागदावर आहे. फिफा वर्षभरात काही ठरावीक दिवस राखून ठेवते. त्याला ‘विंडो’ म्हणतात. त्या दिवसांत देशानं बोलावलं की क्लबनं खेळाडू सोडलाच पाहिजे. बाहेरच्या दिवसांत मात्र बहुतेकदा मर्जी क्लबची. जमशेदपूर एफसीचे प्रशिक्षक असलेल्या खालिद जमील यांची राष्ट्रीय प्रशिक्षक म्हणून निवड झाली ती 1 ऑगस्टला. महिंद्रा युनायटेड आणि एअर इंडियाकडून खेळलेला, मुंबई एफसीला वर्षानुवर्षं सांभाळलेला आणि 2017 मध्ये चिमुकल्या आयझॉलला आय-लीग जिंकून देणारा हा माणूस. त्यांच्यापुढं पहिलीच स्पर्धा आली ताजिकिस्तान-उझबेकिस्तानातला काफा (मध्य आशियाई) नेशन्स कप. सलामी 29 ऑगस्टला, विंडो उघडणार 1 सप्टेंबरला आणि शिबिर तर त्याहून कितीतरी आधी सुरू. म्हणजे नियमाचं बोट धरायला मोहन बागान मोकळं होतं. सप्टेंबरच्या मध्यात त्यांचा आशियाई क्लब स्पर्धेतला सामना होता. शिवाय राष्ट्रीय संघाकडून खेळाडू दुखापत घेऊन परततात आणि अखिल भारतीय फुटबॉल महासंघ हात झटकतो, ही तक्रार जुनीच. कर्णधार सुभाशिष बोसच्या दुखापतीचा दाखला क्लबनं दिला. गोव्याचा लिस्टन कुलासो, गोलरक्षक विशाल कैथ, अनिरुद्ध थापा असे मोहरे त्यामुळं घरीच राहिले.

गंमत अशी की त्यांच्याशिवाय गेलेला संघ तिसरा आला. ताजिकिस्तानला त्यांच्याच घरात 2-1 हरवलं आणि शेवटी ओमानला पेनल्टीवर गारद केलं. तेव्हा सगळे खूश. पण 14 ऑक्टोबरला, पूर्णपणे विंडोच्या आतल्या सामन्यात, मडगावच्या फातोर्डा मैदानावर सिंगापूरकडून 1-2 हरून आपण 2027च्या आशिया कपच्या पात्रता फेरीतून बाहेर पडलो. त्या पराभवाचं खापर कुठल्या क्लबवर फोडायचं?

जमील यांच्या आधी महासंघानं तंटा मिटवायची वेगळीच युक्ती काढली होती. मानोलो मार्केझ 2024 मध्ये राष्ट्रीय प्रशिक्षक झाले आणि त्याच हंगामात ते एफसी गोवाचेही प्रशिक्षक होते. मागणारा आणि देणारा एकच! त्या मोसमात गोव्यानं सुपर कप जिंकला, अंतिम सामन्यात जमील यांच्याच जमशेदपूरला 3-0 नं हरवून. देशाच्या वाट्याला आले आठ सामने आणि मालदीवविरुद्धचा एकुलता एक विजय. एका खुर्चीवर ते मन लावून बसले होते, एवढं नक्की.

त्याहीआधीचे प्रशिक्षक इगोर स्टिमाच भांडखोरच. 2023च्या आशियाई क्रीडा स्पर्धेला संघ पाठवावा म्हणून त्यांनी थेट पंतप्रधानांना साकडं घातलं. परवानगी मिळाली, पण सलामीनंतर दोनच दिवसांनी इंडियन सुपर लीग सुरू होणार होती आणि आशियाई क्रीडा स्पर्धा विंडोबाहेरची, म्हणून क्लबांनी हात आखडता घेतला. हांगझोऊला आदल्या संध्याकाळी उतरलेला अपुरा संघ 19 सप्टेंबरला चीनकडून 1-5 नं हरला. पुढं जानेवारीत आशिया कपला जेमतेम दोन आठवड्यांची तयारी मिळाली. तीन सामने, तीन पराभव, एकही गोल नाही. स्टिमाच यांचं तोंड फटकळ होतं हे खरं, पण वेळ मागण्यात त्यांचं चुकत नव्हतं.

हा काही भारतातच घडणारा तमाशा नाही. 2008च्या बीजिंग ऑलिंपिकसाठी बार्सिलोना मेस्सीला सोडेना. क्रीडा लवादानं निकाल क्लबच्या बाजूनं दिला. तरी नवे प्रशिक्षक ग्वार्डिओला यांनी पोराची इच्छा पाहून त्याला जाऊ दिलं आणि अर्जेंटिनानं सुवर्ण जिंकलं. ग्वार्डिओला स्वतः 1992 मध्ये स्पेनकडून ऑलिंपिक सुवर्ण जिंकलेले. दुखापतीचं भांडणही जुनं आहे. बेल्जियमच्या शार्लरॉय क्लबचा औलमर्स 2004 मध्ये मोरोक्कोकडून खेळताना जायबंदी झाला. क्लबनं फिफालाच कोर्टात खेचलं. आता विंडोतल्या सामन्यात जखमी झालेला खेळाडू 28 दिवसांहून अधिक काळ बाहेर राहिला, तर फिफा क्लबला भरपाई देते. विंडोबाहेर मात्र ज्याची जखम त्यानं बांधावी.

इथं माझा बैल मला सोडून द्यावा लागेल, कारण बैलाला कुणी विचारत नाही आणि खेळाडूला विचारायला हवं. त्यालाच कुणी विचारत नाही! 2025च्या जुलैत सुपर लीगचा पुढचा हंगाम लटकला, मग काही क्लबांनी पगार थांबवले. अशा वेळी देशाचा निरोप आला, तर ज्याच्या हाती आपला करार आहे त्या मालकाला ‘मी जातो’ म्हणायची हिंमत बावीस वर्षांच्या पोरानं कुठून आणायची? नाही गेला तर समाजमाध्यमांवर शिव्या, गेला आणि गुडघा गेला तर करार धोक्यात.

माझं बोट महासंघाकडं आहे. विंडोबाहेर शिबिर ठेवायचं असेल तर हंगामाआधी तारखा द्या, खेळाडूचा विमा उतरवा आणि दुखापत झाली तर उपचाराचं बिल स्वतः भरा. हे केल्यावर क्लब अडला तर त्याला जाब विचारायचा हक्क तुमचा. आणि वाचकहो, यापुढं क्लबनं खेळाडू अडवल्याची बातमी आली तर आधी सामन्याची तारीख बघा. विंडोच्या आत असेल तर क्लबला खुशाल झोडपा, मीही तुमच्याबरोबर आहे.